आजीचं गोंदण माझ्या हातावर: टॅटू काढणारा कसा निवडायचा?

रानजाई | ६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी.

माझी आजी ८६ वर्षांची आहे. माहेर माण तालुक्यातलं. तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. वर तुळस, मध्ये चौकोनी कट्टा, खाली पायऱ्या आणि दोन्ही अंगांना चांदण्या. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्या पायऱ्यांवरून बोट फिरवायचे. आता कातडी सैल पडली, रेघा पसरल्या, आणि आजीही थकत चालली आहे. ती असतानाच तेच वृंदावन माझ्या हातावर यावं आणि तिनं ते बघावं, एवढीच इच्छा आहे.

मी ३४ वर्षांची, पुण्यात राहते. अंगावर एकही टॅटू नाही. गेल्या पंधरवड्यात तीन ठिकाणी जाऊन आले.

पहिल्या ठिकाणी मुलानं मोबाइलमधला फोटो बघितला आणि म्हणाला, "बसा, अर्ध्या तासात करून देतो." २५०० रुपये. दुसरा स्टुडिओ चकाचक, इन्स्टाग्रामवर नाव मोठं, भिंतभर सर्टिफिकेटं. ६५०० सांगितले. पण काढणार कोण, हे विचारल्यावर "आमचे सगळेच आर्टिस्ट एक्सपर्ट आहेत" एवढंच उत्तर. तिसरी जागा पहिल्या मजल्यावरची साधी खोली. तिथल्या ताईंनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "आज नको. दिवसाउजेडी, बरोबर वरून काढलेला फोटो आणा. शक्य असेल तर आजींच्या हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा उतरवून आणा." ५५०० सांगितले, त्यातले १००० आगाऊ.

मन तिसरीकडे ओढतंय, पण त्यांचे फॉलोअर अगदी थोडे आहेत. ज्यांनी टॅटू काढलेत किंवा जे या कामात आहेत, त्यांनी सांगा, नेमकं काय बघायचं? चांगला हात ओळखायचा कसा?

घाटमाथा | ६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

काढणाऱ्याचं नाव सांगत नाहीत तिथे जाऊ नका. मी हे भोगलंय.

चार वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या स्टुडिओत गेलो. पेजवरचं काम बघून वेडा झालो होतो. प्रत्यक्षात ते सगळं काम मालकाचं निघालं आणि माझ्या दंडावर सुई धरली तीन महिने शिकत असलेल्या पोरानं. सह्याद्रीची डोंगररांग काढायची होती. दोन ठिकाणी सुई इतकी खोल गेली की रेघेभोवती निळी धूसर सावली पसरली, ती आजही आहे. तक्रार केली तर म्हणाले तुमची स्किनच तशी. नंतर दुसऱ्या एका आर्टिस्टनं बघून सांगितलं, कातडीचा काही दोष नाही, सुई खोल गेली.

पत्ता स्टुडिओचा असतो, रेघ माणसाची असते. बुकिंग करताना नाव लिहून घ्या.

सुईदोरा | ६ नोव्हेंबर, रात्री ११.४०

मी अकरा वर्षं हे काम करतो, कोल्हापुरात. माझ्या स्टुडिओचं नाव इथे देणार नाही, जाहिरात करायला आलेलो नाही. रानजाईताई, तुम्ही तिसऱ्या जागेबद्दल जे लिहिलंय ते वाचून फार बरं वाटलं. "आज नको" म्हणणारा कारागीर आमच्या धंद्यात कमी भेटतो. समोर पैसे घेऊन आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला धीर लागतो.

आता चांगला हात कसा ओळखायचा ते सांगतो.

पेजवर दिसतात ते बहुतेक फोटो टॅटू काढून झाल्यावर पाच मिनिटांत घेतलेले असतात. त्या वेळी कातडी सुजलेली, तेलकट, चकचकीत असते. रंग गडद दिसतो, रेघ टोकदार दिसते. सगळेच टॅटू त्या पाच मिनिटांत सुंदर दिसतात. खरं काम दिसतं जखम पूर्ण बरी झाल्यावर, आणि त्याहून खरं वर्षा-दोन वर्षांनी. म्हणून पहिला प्रश्न विचारा, "बरे झालेले टॅटू दाखवा, आणि माझ्यासारख्या सावळ्या हातावरचे दाखवा." गोऱ्या कातडीवरचे परदेशी फोटो दाखवत असेल तर ते तुमच्या कामाचे नाहीत. आपल्या रंगावर पांढरी शाई वर्षभरात पिवळट पडते, फिकट रंग विरतात, काळा मात्र टिकतो. हे ज्यानं आपल्या कातड्यांवर शेकडो वेळा काम केलंय त्यालाच हाताला माहीत असतं.

मग फोटो मोठा करून रेघ बघा. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीची आहे का? दोन रेघा जिथे भेटतात तिथे गाठ आली आहे का, की फट राहिली आहे? वर्तुळ खरंच गोल आहे का? तुमच्या डिझाइनमध्ये सरळ रेघा आणि काटकोन आहेत. वाघाचा चेहरा काढताना थोडं इकडेतिकडे झालं तर लपतं. पायरी वाकडी गेली तर जन्मभर दिसते. त्यामुळे पोर्ट्रेट करणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, ज्याच्या कामात भौमितिक आकृत्या, ठिपके, बारीक रेघकाम जास्त आहे त्याच्याकडे जा.

सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जावी लागते. उथळ राहिली तर शाई खपलीबरोबर निघून जाते, खोल गेली तर खालच्या चरबीत पसरते. घाटमाथा यांच्या रेघेभोवतीची सावली तीच, आम्ही तिला ब्लोआउट म्हणतो. मनगट, कोपराची घडी, घोटा इथली कातडी पातळ, तिथे हे लवकर होतं. आजींच्या जागीच काढणार असाल तर मनगटाच्या घडीपासून दोन बोटं वर ठेवा.

फॉलोअर मोजू नका. फोटो त्यांचेच आहेत का तेवढं मात्र तपासा. गूगलवर चित्रावरून शोध घेतला की उचललेला फोटो सापडतो. आणि जमलं तर दुसऱ्या कुणाचा टॅटू चालू असताना तासभर बसून बघा. कातडी ताणून धरतो का, मधे मोबाइल उचलतो का, उचलला तर हातमोजे बदलतो का. त्या तासात सगळं कळतं.

जुनी वही | ७ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

रानजाई, तुझं वाचून माझा हात पुढे घेऊन बसले. मी ७१ वर्षांची, माझ्या हनुवटीवर ठिपका आणि हातावर तुळस आहे. आमच्या दारात गोंदणारीण यायची, डोक्यावर पाटी घेऊन. ओट्यावर बसून ती तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधायची. काजळीत कसल्या तरी पाल्याचा रस कालवलेला असे. आईनं माझे खांदे धरले, काकूनं हात धरला आणि ती बाई गाणं म्हणत टोचत राहिली. गाणं पोरीचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. झाल्यावर वर हळद आणि तिला सूपभर जोंधळे.

बाईच्या अंगावरचं सोनं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं माझी आई म्हणायची.

पण एक सांगते. त्याच सुया त्या बाईनं त्या दिवशी आमच्या वाड्यातल्या सहा मुलींना वापरल्या. तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे.

त्वचावैद्य | ७ नोव्हेंबर, दुपारी २.३०

जुनी वही यांनी जे शेवटी लिहिलं तिथूनच सुरू करतो. मी नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ आहे.

जत्रेत बॅटरीवरचं मशीन घेऊन बसणारे आजही आहेत. एकच सुई, एकच शाईची बाटली, पुसायला एकच फडकं. तिथे हौस म्हणूनही काढू नका. टॅटूतून पसरू शकणाऱ्या आजारांत मला सर्वांत जास्त काळजी हिपॅटायटिस बी ची वाटते, कारण तो विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो. डोळ्यांना डाग दिसलाच पाहिजे असंही नाही. आपल्याकडे ही लस बाळांच्या लसीकरणात देशभर आली ती २०११ पासून. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांनी ती घेतलेलीच नसते. रानजाई, तुम्ही त्यात येता. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तुमच्या डॉक्टरांशी आधी बोला.

स्टुडिओत गेल्यावर स्वच्छ फरशीवर भुलू नका. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. पाकिटावर निर्जंतुकीकरणाची आणि मुदत संपण्याची तारीख असते, ती वाचा. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या कपात ओतून घेतात, उरलेली फेकतात. बाटलीत परत ओतताना दिसलं तर उठून या. मशीन, वायर, दिवा, फवाऱ्याची बाटली, जिथे जिथे हात लागणार तिथे प्लास्टिकचं आवरण हवं. वापरलेल्या सुया दवाखान्यात असतो तसल्या पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात गेल्या पाहिजेत.

काही ठिकाणी निळ्या दिव्याचं कपाट दाखवून "सगळं स्टरलाइज्ड आहे" सांगतात. त्या कपाटाने निर्जंतुकीकरण होत नाही. उकळत्या पाण्यानेही होत नाही. पुन्हा वापरायच्या धातूच्या वस्तू असतील तर ऑटोक्लेव्ह हवा, म्हणजे दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस, किमान १५ मिनिटं. यंत्र नुसतं असून भागत नाही, ते नीट चालतंय याची ठरावीक दिवसांनी जिवाणूंच्या बीजाणूंची पट्टी टाकून चाचणी करतात. ती शेवटची कधी केली, विचारा. सगळंच एकदा वापरून फेकायचं असेल तर हा प्रश्न उरत नाही, आणि आता बरेच चांगले स्टुडिओ तसंच करतात.

कुणी काढू नये किंवा आधी डॉक्टरांना विचारावं, तेही सांगतो. जखमेचा जाड वण उठतो, कान टोचल्यावर गाठ आली होती, अशांनी जपून. छाती आणि खांदा या जागा त्यात सर्वांत वाईट. सोरायसिस असेल तर टॅटूच्या रेघेवरच चट्टा उठू शकतो. साखर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, गरोदर असाल, तर थांबा. तिळावर शाई कधीच नको. पुढे तिळात बदल झाला तर तो दिसणारच नाही.

रंगांत ॲलर्जी सर्वाधिक लाल रंगाने होते, आणि ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली. एक निळा आणि एक हिरवा रंग तर जानेवारी २०२३ पासून बंदच केला. त्यामुळे बाटलीवर कंपनी, बॅच नंबर, मुदत आणि घटक छापलेले आहेत का ते बघा. लेबल नसलेली किंवा फोडलेल्या जुन्या बाटलीत भरलेली शाई नको. तुम्हाला काळाच हवाय, ते उत्तम.

रानजाई | ७ नोव्हेंबर, रात्री ८.५०

त्वचावैद्य, सुईदोरा, खूप खूप आभार. आईला विचारलं, लस घेतलेली नाही. आजच पहिला डोस घेऊन आले. डॉक्टरांना दुसऱ्या डोसआधी काढण्याबद्दल विचारलं तर ते म्हणाले, थांबलेलं बरं. म्हणजे डिसेंबर. आजीची तब्येत बघता सहा महिने नाही थांबता येणार.

त्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटांना काही अर्थ असतो का?

सुईदोरा | ७ नोव्हेंबर, रात्री ९.३०

कुठलातरी खाजगी कोर्स केला किंवा संमेलनात भाग घेतला की ते मिळतं. ते वाईट नाही, पण तो सरकारी परवाना नव्हे. "लायसन आहे" म्हणून शॉप ॲक्टचा दाखला दाखवतात, त्याचा अर्थ दुकानाची नोंद आहे, एवढाच. आपल्याकडे टॅटू काढण्यासाठी डॉक्टर-नर्ससारखी नोंदणी नाही, म्हणून तर तपासायचं काम गिऱ्हाइकावर येतं. मला त्याची खंत वाटते. नीट काम करणाऱ्याला आणि जत्रेतल्याला एकाच तराजूत तोललं जातं.

टेम्सतीर | ८ नोव्हेंबर, पहाटे ३.१०

मी लंडनजवळ राहते. इंग्लंडमध्ये १९८२ च्या कायद्याखाली टॅटू काढणाऱ्याला आणि जागेलाही स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि तो दाखला दिसेल असा लावावा लागतो. १८ वर्षांखालच्याला टॅटू काढणं १९६९ पासून गुन्हा आहे. पण नोंदणी स्वच्छतेपुरती, हात चांगला आहे का हे कौन्सिल सांगत नाही. माझ्या मैत्रिणीनं इथेच नोंदणीकृत ठिकाणी "श्रद्धा" लिहून घेतलं आणि त्या माणसानं द्ध चा पाय तोडून वेगळाच आकार केला. त्याला ते अक्षर आहे हेच माहीत नव्हतं, त्याच्यासाठी ती नक्षी होती.

शिलेदार | ८ नोव्हेंबर, सकाळी १०.००

अक्षरांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मला महाराजांची राजमुद्रा दंडावर हवी आहे. दोन इंचांत बसवतो म्हणाला एकजण. चालेल?

काना मात्रा | ८ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

शिलेदार, कृपा करून दोन इंचांत नको. मी मुद्रितशोधनाचं काम करते आणि राजमुद्रेचे चुकलेले टॅटू बघून जीव तुटतो.

"प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते." अनुष्टुभ छंद, चार चरण, ३२ अक्षरं. अष्टकोनात ही सगळी दोन इंचांत बसवली तर एकेका अक्षराच्या वाट्याला तांदळाएवढी जागा येते. रेघ वर्षांगणिक थोडी जाड होतेच. मग च्च मधली पोकळी भरते, ष्ण आणि ष्ट एकसारखे दिसायला लागतात, अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. दहा वर्षांनी तिथे काळा डाग उरेल. त्या ओळींचा मान ठेवायचा असेल तर मोठी जागा द्या, नाहीतर दुसरं चिन्ह निवडा.

चुका कुठे होतात तेही सांगते. "शाहसूनोः" मधला सू दीर्घ आहे आणि पुढे विसर्ग आहे, तो हमखास गळतो. "वर्धिष्णुर्विश्ववंदिता" मध्ये दोन रफार आहेत, एक धि वर, एक वि वर. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रात यातलं काहीही चुकलेलं असू शकतं.

दुसरा घोळ सॉफ्टवेअरचा. मजकूर एका फाँटमधून दुसऱ्यात नेला किंवा डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसली की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी पडतात. टॅटू काढणाऱ्याची मातृभाषा मराठी नसेल तर त्याला ते खटकणारही नाही. तेव्हा मजकूर स्वतः हातानं कागदावर लिहून न्या, आणि स्टेन्सिल कातडीवर उमटल्यावर, सुई लागायच्या आधी, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. स्वतः वाचा आणि बरोबरच्या माणसालाही वाचायला लावा. "आशीर्वाद" मधला शी दीर्घ. हे मी आजवर जितक्या हातांवर वाचलं, त्यातल्या निम्म्यांवर तरी ऱ्हस्व होता.

शिलेदार | ८ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

धन्यवाद ताई. घाई करत नाही. मोठी काढेन, नाहीतर थांबेन.

माणदेशी | ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

शिलेदारभाऊ, भरतीचा विचार असेल तर दंडावर अजिबात काढू नका. आमच्या तालमीतली दोन पोरं याच्यापायी मेडिकलमधनं परत आली. वर्षभर पळाली होती, शरीर लोखंडासारखं, आणि दंडावरच्या चित्रानं घात केला. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी अंगावर नाही. आदिवासी पोरांना त्यांच्या रूढीप्रमाणे मुभा असते. केंद्रीय पोलीस दलांत तर डावाच हात लागतो, उजवा सलामीचा, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी हवा. काढणाऱ्यानं वीस वर्षांच्या पोराला "भरतीला जाणार का?" एवढं तरी विचारावं. ज्यानं विचारलं तो चांगला माणूस.

ताई, तुमची आजी आमच्याकडची. बरं वाटलं वाचून.

मांडवीकाठ | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.००

गोव्यातून लिहितोय. इथे मन लावून काम करणारे, महिनोन्महिने बुकिंग असलेले उत्तम आर्टिस्ट आहेत. पण सुट्टीवर आलेल्यांना ते भेटत नाहीत, भेटतात ते किनाऱ्याच्या रस्त्यावरचे हंगामी. मे महिन्यात टच-अपला गेलात तर दुकानाला कुलूप. शिवाय टॅटू ही उघडी जखम आहे, ती घेऊन दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरायचं नसतं. दोन-तीन आठवडे पोहणं नाही, ऊन नाही. मग सहलीच्या पहिल्या दिवशी काढून काय साधतं? आणि पिऊन आलेल्या माणसाला जो खुर्चीत बसवतो, त्याच्याकडे शुद्धीतही जाऊ नये.

किनाऱ्यावर "काळी मेंदी" म्हणून पंधरा दिवसांचा टॅटू काढतात, त्यापासून मुलांना लांब ठेवा. मेंदीचा रंग कधीच काळा नसतो. त्यात केसांच्या कलपातलं पीपीडी घातलेलं असतं. माझ्या भाचीच्या हातावर फुलाच्या आकाराचे फोड आले होते.

जुनी वही | ९ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

रानजाई, एक विचारू? तू आजीचं गोंदण आज दिसतंय तसं काढणार, की ते पहिल्या दिवशी होतं तसं? माझी तुळस आता हिरवट ढगासारखी दिसते. मला ती तशीच आवडते. माझ्याबरोबर म्हातारी झाली आहे ती.

सुईदोरा | ९ नोव्हेंबर, दुपारी १.००

मावशी, फार मोलाचा प्रश्न विचारलात. पण माझं मत वेगळं आहे. काजळी काळीच असते, कातडीच्या आतून बघताना ती निळसर-हिरवी दिसते, आणि पसरणं हे साठ-सत्तर वर्षांचं काम आहे. ते मशीननं मुद्दाम पसरट काढलं तर दहा वर्षांत काहीच ओळखू येणार नाही. रेघ स्वच्छ काढावी, तिला रानजाईताईंबरोबर म्हातारी होऊ द्यावी.

मात्र रेघेतला हात सुटू नये. जुन्या गोंदणात दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात. संगणकावर अर्धं चित्र काढून आरशासारखं उलटवलं की ते वृंदावन छापील होतं. त्या ताई ट्रेसिंग मागतायत ते बहुधा यासाठीच.

जुनी वही | ९ नोव्हेंबर, दुपारी १.४०

पटलं.

घाटमाथा | १० नोव्हेंबर, सकाळी ७.५०

एक राहिलं. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅटूनंतर १२ महिने रक्तपेढी रक्त घेत नाही. मी वर्षातून तीनदा देतो, मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आर्टिस्टनं सांगायला हवं होतं.

रानजाई | २३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

गावी जाऊन आले. आजीच्या हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा उतरवल्या. कातडी सरकायची, म्हणून आईनं हात हलकेच ताणून धरला होता. आजीला गंमत वाटली, म्हणाली तेव्हाही असाच धरला होता.

मग तिसऱ्या ठिकाणी गेले आणि तुम्ही सांगितलेलं सगळं विचारलं. मनात धाकधूक होती की त्यांना राग येईल. उलट त्यांनी कपाट उघडून दाखवलं. सगळं एकदा वापरून फेकायचं, सुयांच्या काट्रिजवर तारखा. शाईची बाटली हातात दिली, लेबलचा फोटो काढू दिला. बरे झालेले टॅटू मागितले तर दोन जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणं करून दिलं, त्यातल्या एक बाई जवळच राहतात, त्यांचा तीन वर्षांचा टॅटू प्रत्यक्ष बघितला. ठिपके अजून सुटे आहेत.

आणि मग ट्रेसिंग बघता बघता त्या थांबल्या. म्हणाल्या, "पायऱ्या पाच आहेत, पण सगळ्यांत खालची अर्धीच आहे. पसरलेली नाही, अर्धीच गोंदलेली आहे. पूर्ण करायची, की तशीच ठेवायची? आजींना विचारून सांगा."

माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं बोट फिरवून.

सुईदोरा | २३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

ताई, इथेच काढा.

त्वचावैद्य | २४ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

सहमत. फक्त नंतरची काळजी. सुगंध नसलेल्या साबणाने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडं करा, सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा. हळद, खोबरेल, कोरफड, घरातलं काहीही नको. खपली ओढायची नाही. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला तर स्टुडिओला नव्हे, डॉक्टरला फोन करा. बधीर करणारं मलम स्वतःच्या मनाने भरपूर लावून वर प्लास्टिक गुंडाळू नका, त्यातलं लिडोकेन रक्तात उतरतं.

रानजाई | १९ जानेवारी, रात्री ९.००

उशिरा लिहितेय, बरं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

दुसरा डोस ७ डिसेंबरला झाला, टॅटू १४ डिसेंबरला. दोन तास चाळीस मिनिटं लागली, त्यातला पाऊण तास स्टेन्सिलचाच. दोनदा पुसून परत लावली, कारण हात वळवला की कट्टा तिरका दिसत होता. आतल्या बाजूला दुखलं, सोसवलं. चौथ्या दिवसापासून खाज सुटली, बाराव्या दिवशी खपल्या गेल्या. उजवीकडच्या चांदणीचं एक टोक फिकं पडलंय, त्याचं टच-अप फेब्रुवारीत, त्याचे वेगळे पैसे नाहीत. एकूण ५५००च झाले.

संक्रांतीला गावी गेले. आजीच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या खालच्या पायरीवर बोट ठेवून म्हणाली, "हिथं मी हात ओढून घेतला होता. लई दुखलं. ती बाई म्हणली राहू दे पोरी, उरलेली सासरी गेल्यावर पुरी करू. परत काय ती आली न्हाई."

पायरी अर्धीच ठेवली आहे.